वाघजाईचा डावा गाल

चेहऱ्याला सेंटर लाइन नसते, हे कळायला मला वयाची पंचेचाळीस वर्षं लागली, आणि ते शिकवलं एका जवळजवळ आंधळ्या माणसानं. एवढं वाक्य खरं आहे. पुढची सगळी तशीच असतील याची हमी देत नाही. आमच्या उंब्रजला बाजारच्या दिवशी पारावर बसून जो माणूस उंदराची गोष्ट सांगता सांगता त्याचा हत्ती करत नाही, त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. मी त्या पारावर वाढलो.

पोटापाण्याला मात्र देवानं असा धंदा दिला की ज्यात खोटं बोलायला सुईच्या टोकाएवढी जागा नाही. साताऱ्यातल्या एका पंपाच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. आधी बोर्डावर पेन्सिलीनं, मग नव्वदच्या सुमाराला कंपनीत कॉम्प्युटर आला तेव्हा कॅडवर. आयुष्यात इतक्या रेषा मारल्या की टोकाला टोक जोडलं असतं तर कराडहून निघून काशी करून परत आलो असतो, आणि उरलेल्या रेषेत महाबळेश्वरही झालं असतं.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंप आधी कागदावर होतो, मग लोखंडात. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं अशी तीनदा काढायची, आणि प्रत्येक रेषेला माप द्यायचं. माप नसलेली रेषा म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, पोहोचणार कुठं? या सगळ्याच्या मधोमध एक तुटक रेषा असते, ती सेंटर लाइन. पंपाची बॉडी तिच्या दोन्ही अंगांना सारखी. म्हणून हुशार ड्राफ्ट्समन अर्धीच बॉडी काढतो, आणि कॅडला सांगतो, ‘मिरर’. आरशात पाहावं तशी दुसरी बाजू आपोआप उमटते. अर्ध्या कष्टात पूर्ण पंप. माझा त्या रेषेवर जेवढा विश्वास होता, तेवढा सख्ख्या भावावर नव्हता. एकदा माझ्या नकाशात दोन दशांश मिलिमीटरची चूक निघाली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. बायको म्हणते एकच वेळ, आणि तेही वांगं होतं म्हणून.

तिचं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं वाघजाईचं देऊळ आहे. आत शेंदराचा तांदळा, म्हणजे नाकडोळे नसलेला गोल दगड, आणि त्याच्यावर जत्रेत नि सणाला चढवायचा चांदीचा मुखवटा. चार पिढ्यांपूर्वी कुणा फिरत्या कारागिरानं घडवलेला. एका वर्षी दसरा झाल्यावर तो चोरीला गेला. देवळातली पेटी उघडी, मुखवटा नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, आणि मुखवटा बहुतेक कुठंतरी वितळून गेला.

दिवाळीला मी सासुरवाडीला गेलो तेव्हा देवळाच्या पायरीवर माणसं बसली होती. जावई आला की त्याला मोठेपणा द्यायचा ही आमच्याकडची रीत, आणि दिलेला मोठेपणा दुप्पट करून घ्यायचा ही माझी. कुणीतरी म्हणालं, “पाव्हणं, तुमचा कम्पुटर काय काय करतो वो?”

मी म्हणालो, “काय करत नाही ते विचारा. एक फोटो द्या, तुमच्या आज्याला परत उभा करून दाखवतो.”

सगळे हसले. तेवढ्यात पलीकडच्या दगडावरून आवाज आला, “पाव्हणं, खरं बोलताय न्हवं?”

ते तात्या गुरव होते. सत्तरीचे, वाळलेल्या हरभऱ्याच्या काडीसारखे. काचबिंदूनं एक डोळा गेलेला, दुसऱ्यातून उजेड नि अंधार एवढंच कळायचं. देवळाची किल्ली त्यांच्याकडे असायची. चोरीनंतर गाव त्यांना तोंडावर काही बोललं नव्हतं, पण पाठीमागं कुजबूज होतीच. आणि तात्यांनी स्वतःच ठरवलं होतं की आईचं तोंड परत आल्याबिगर उंबरा ओलांडायचा नाही. पूजा त्यांचा मुलगा हणमंता करायचा. तात्या बाहेरच्या दगडावर बसून राहायचे, दाराकडं पाठ करून.

मला हाताला धरून त्यांनी बाजूला नेलं. “त्या दिशी पेटीची कडी लावली का न्हाई, मला आटवत न्हाई,” ते म्हणाले. “डोळ्याला दिसत न्हाई म्हून मी हातानं बगतो. लावली आसंल तर हातानं. पर हाताला बी आटवंना. चैतात जत्रा हाय. तिचं तोंड आता निस्तं माज्या हातात ऱ्हायलंय, पाव्हणं. हात हायती तवर करा.”

पारावरची फुशारकी कुणी खरी मानली तर काय करायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी “हो” म्हणालो.

गावात मुखवट्याचे फोटो मिळाले तीन. तिन्ही समोरून. हार, गजरे, मळवट, आणि डाव्या अंगाला कायम फुलांचा झुबका. मी साताऱ्याला येऊन जेवणाच्या सुट्टीत कॅड उघडून बसलो. समोरून नकाशा निघाला. पण बाजूनं? नाक किती पुढं, हनुवटी किती आत, कपाळाचा फुगवटा किती? फोटो मुका. मी अंदाजानं वर्तुळं जोडली, कंस फिरवले, आणि आठ दिवसांनी पडद्यावर जे उभं राहिलं ते बघून शेजारचा जोशी म्हणाला, “पंपाला डोळे कशाला दिलेस?”

त्याचं बरोबर होतं. कॅडला वस्तू आकड्यांत सांगावी लागते, आणि गालाला त्रिज्या नसते. गाल एका ठिकाणी संपून दुसऱ्या ठिकाणी सुरू होतो, असंही नसतं. चौकशी करता करता कळलं की सांगलीत एक क्लास निघालाय, तिथं कार्टून हलवायला शिकवतात आणि कॉम्प्युटरवर चेहरे करतात. मग दर रविवारी सकाळची एसटी धरून सातारा ते सांगली. त्या हिवाळ्यात त्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी नावानं ओळखायला लागलो होतो.

शिकवायला चौगुले मॅडम. वय चोवीस-पंचवीस, सांगलीजवळच्या शेतकरी जैन घरातल्या, बोलायला तिखट. वर्गात सगळी विशीतली, आणि मधोमध मी, खिशाला चार पेनं आणि स्टीलची पट्टी लावलेला.

पहिल्याच दिवशी त्यांनी पडद्यावर एक साधा ठोकळा आणला. म्हणाल्या, “ह्याचं डोकं करायचं.”

मी विचारलं, “माप काय?”

“माप नाही.”

“मग काढू कसं?”

“काढायचं नाही काका. ओढायचं.”

या पद्धतीला पॉलिगॉन मॉडेलिंग म्हणतात. सोप्या शब्दांत सांगतो. बुरूड दुरडी विणतो तशी चेहऱ्याभोवती चौकटींची एक जाळी असते. जिथं दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथं एक बिंदू. तो बिंदू धरून जरा पुढं ओढला की जाळी तिथं उचलते, आत ढकलला की खोल जाते. मग कॉम्प्युटरला सांगायचं, मऊ कर. तो सगळ्या चौकटी बारीक करून कोपरे घासून देतो, आणि ठोकळ्याचा बटाटा होतो. बटाट्याचं डोकं करणं हे तुमचं कसब. आकडा कुठं टाकायचाच नाही. डोळ्यानं बघायचं, जरा ओढायचं, फिरवून बघायचं, परत ओढायचं.

वीस वर्षं ज्याला ‘जरा’ हा शब्द नोकरीवरून काढून टाकण्याजोगा वाटत होता, त्याला आता सगळं ‘जरा’ मध्ये करायचं होतं. मी बिंदू ओढण्याआधी पडद्यावर स्टीलची पट्टी लावायचो. मॅडमनी दुसऱ्या रविवारी ती पट्टी काढून टेबलाच्या खणात टाकली. “जाताना मागून घ्या. चप्पल बाहेर काढतो ना, तशी.”

दुसरी माझी खोड म्हणजे बिंदूंची. मला वाटायचं, जास्त बिंदू म्हणजे जास्त अचूक. मी गालावर इतके बिंदू पेरले की देवीला फणसाची साल आली. मॅडम म्हणाल्या, “काका, वीस माणसांनी एक पालखी उचलली तर चालते. दोनशेंनी उचलली तर ती हलते का? थोडे ठेवा. जागेवर ठेवा. डोळ्याभोवती वलयं, तोंडाभोवती वलयं. चेहरा हसतो तसे बिंदू चालले पाहिजेत.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आजही आहे. ऐन पंचेचाळिशीत हात परत कोरा करून घ्यायला लाज वाटते, ती मला वाटली. एकदा तर येतानाच्या एसटीत ठरवलं होतं की पुढच्या रविवारी यायचं नाही. पण डोळ्यापुढं तो दगड यायचा, आणि दाराकडं केलेली पाठ.

माघ सरता सरता चेहरा झाला. कसा केला, तर माझ्या सवयीनं. मधोमध सेंटर लाइन, फोटोत स्वच्छ दिसणारी उजवी बाजू बिंदू-बिंदूनं केली आणि डावी, फुलांखाली झाकलेली, मिरर. मॅडम म्हणाल्या, “सगळे असंच सुरू करतात. पण इथं थांबू नका.” मी थांबलो. इतकी सारखी, इतकी स्वच्छ देवी मी जन्मात पाहिली नव्हती.

पुढचं काम माझ्या हातचं होतं. पाव कापतात तसे त्या चेहऱ्याचे पातळ काप कॅडमध्ये केले, नकाशे काढायच्या यंत्रावर, प्लॉटरवर, एकेक कापाची रेषा काढली, पुठ्ठ्यावर चिकटवून कापली, आणि चाळीसेक थर एकावर एक डकवून वर पुट्टी घासली. पुठ्ठ्याची वाघजाई. ती मांडीवर घेऊन मी पाटणच्या गाडीत बसलो तेव्हा कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं नाही, नमस्कार केला. हे खरं आहे.

तात्यांच्या ओसरीवर माणसं जमली. बघणाऱ्यांनी “व्वा” म्हटलं. तात्यांनी मुखवटा डाव्या हाताच्या वाकणात घेतला, लेकराला न्हाऊ घालताना घेतात तसा, आणि उजव्या हाताची बोटं फिरवायला लागले. कपाळ, भुवया, नाक. नाकावर थांबले. मग अंगठा नाकापासून कानाकडं गालावरनं गेला, आणि परत आला, आणि परत गेला. काहीतरी हरवलेलं शोधावं तसा.

“न्हाई,” ते म्हणाले. “हिची भन आसंल. आई न्हाई.”

कुणी हसलं नाही. हणमंता म्हणाला, “तात्या, पाव्हण्यानं एवढं केलंय…”

“केलंय की. लय देखणी केलीया. पर आईचं नाक येवडं वर न्हाई. डावी भुवई जरा चढती हाय, रागावल्यावानी. आनि हितं,” त्यांनी डाव्या गालावर अंगठा ठेवला, “हितं खोल हाय. हितं माजा अंगठा बसतो. हिच्यात कुटं बसतोय?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. मुखवटा दरवेळी चिंचेनं घासून धुवायचा. डाव्या हातात धरायचा, उजव्या अंगठ्यानं चोळायचा. अंगठा त्याच जागेवरनं जातो. त्यांचा, त्यांच्या बापाचा, आज्याचा, पणज्याचा. चार पिढ्यांच्या अंगठ्यांनी चांदी झिजून डाव्या गालावर एक खोलगट जागा पडली होती. फुलांचा झुबका तिथंच का, तर ती झाकायला.

परतीच्या गाडीत मी मिररला आणि स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या कुणाला दिल्या नसतील. लोखंडाचा माणूस असून झीज विसरलो होतो. वापरलेल्या पंपाची दोन अंगं कधी सारखी असतात का?

पुढच्या रविवारी तात्या हणमंताबरोबर सांगलीच्या क्लासात आले. आयुष्यात पहिल्यांदा सांगली. मॅडमनी त्यांना पंख्याखाली बसवून पाणी दिलं. “आजोबा, तुम्ही सांगा, काका ओढतील.”

“मला तर दिसत न्हाई, बाई.”

“यांना तरी कुठं दिसतंय? ते पट्टी शोधतायत.”

तात्या पहिल्यांदा हसले तेव्हा. मग काम सुरू झालं. नाक किती खाली हे कसं सांगणार? तात्यांनी माझं नाक चिमटीत धरलं. “हितनं एवडं कमी.” भुवई माझ्या भुवईवर बोट फिरवून सांगितली. हनुवटी तशीच. एका हातात माऊस, आणि तोंडावर त्यांची चिंचेनं खरबरीत झालेली बोटं, असा मी तीन तास बसलो होतो. पडद्यावर एकेक बिंदू सरकत होता. वर्गातली पोरं आपापली कार्टूनं सोडून मागं उभी राहिली होती.

शेवटी गाल. मी विचारलं, “तात्या, किती खोल?”

त्यांनी अंगठा माझ्या डाव्या गालावर टेकवला आणि हळू दाबला. हाडाला लागेल न लागेल एवढा. “येवडं.”

मी आयुष्यभर मापं घेतली. वर्निअरनं, मायक्रोमीटरनं, कंपनीत ज्याला फक्त साहेबच हात लावायचे त्या गेजनं. इतकं नेमकं माप मला कुणी दिलं नव्हतं. मी नऊ बिंदू धरले आणि एकदाच आत ढकलले. मॅडम पाठीमागून हळूच म्हणाल्या, “आता सोडा काका. झालं.”

दुसरा पुठ्ठ्याचा मुखवटा घेऊन गेलो तेव्हा फाल्गुन होता. ओसरीवर फक्त तात्या, हणमंता आणि मी. तात्यांनी वाकणात घेतला. बोटं कपाळावरून उतरली, भुवईवर चढली, नाकावरून उतरली. अंगठा गालावर गेला आणि बसला. चावी बसावी तसा.

 तात्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते पुठ्ठ्यावर पडू नये म्हणून हणमंतानं उपरणं पुढं केलं. मी मनातल्या मनात पारावर जाऊन बसलो होतो. ही गोष्ट कशी सांगायची, कुठं थांबायचं, सगळं जुळवत होतो.

आणि तात्या म्हणाले, “पाव्हणं, ही आईच हाय. आता ही खोल जागा भरून काडा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“भुवई ऱ्हाऊ द्या. नाक ऱ्हाऊ द्या. ते घडवनाऱ्याचं हाय. पर ही जागा घडवनाऱ्याची न्हाई. ही आमी पाडलीया. चार पिढ्यांनी धुऊन धुऊन. ती मी घालवली. तुमी आयती करून दिऊ नगा.”

मी भडकलो. खरंच भडकलो. म्हणालो, “तात्या, अहो तीन महिने त्या नऊ बिंदूंसाठी एसटीचे धक्के खाल्लेत! आणि कुणाला कळणार आहे? गावाला वाटेल आईच परत आली. तुमच्यावरचं बालंट जाईल.”

“म्हून तर नगं,” ते म्हणाले. मग माझा हात धरला. “तुमी लय लबाड बोलता, पाव्हणं. आमाला ठावं हाय. त्याबद्दल काय न्हाई, पारावर बोलायचंच आसतं. पर आईच्या तोंडावर नगं. नवं हाय ते नवं म्हून ऱ्हाऊ द्या. हनमंता धुईल, त्याची पोरं धुतील. पडंल परत.”

या माणसानं पहिल्या दिवशीच मला ओळखलं होतं. तरी त्यानं आपल्या आईचं तोंड माझ्या हाती दिलं होतं.  माझ्या गावात हे कुणाला सांगितलं तर ते म्हणतील, ह्यातलं हेच सगळ्यात खोटं.

सांगलीला जाऊन मी ते नऊ बिंदू परत वर ओढले. ढकलायला एक क्षण लागला होता, भरायला अख्खी सकाळ लागली. दरवेळी वाटायचं, थोडीशी खूण ठेवावी, कुणाच्या लक्षात येणार नाही एवढी.  जाताना मॅडमनी खणातली पट्टी काढून स्वतःहून माझ्या हातात दिली.

गावातल्या बायांनी जोडवी, पैंजण काढून दिले. सांगलीच्या एका चांदीच्या कारागिरानं माझ्या तिसऱ्या, गाल भरलेल्या पुठ्ठ्यावरून साचा घेतला आणि त्यावर पत्रा ठोकून बसवला. चैत्रात जत्रेच्या आदल्या दिवशी मुखवटा गावात आला. देवळाच्या दाराशी तात्यांनी तो वाकणात घेतला आणि जमलेल्या गावाला मोठ्यानं सांगितलं, “मुखवटा नवा हाय. जुना माज्या हातनं गेला. कडी लावली का न्हाई, मला आटवत न्हाई.”

मी जन्मभर माणसांना गप्प करण्यासाठी केवढ्या मोठ्या गोष्टी रचल्या. अख्खं गाव एका वेळी गप्प झालेलं मात्र तेवढंच एकदा ऐकलं. मग एका म्हातारीनं पुढं होऊन घंगाळात चिंच टाकली आणि म्हणाली, “धुवा की वो तात्या. किती येळ उभी करनार तिला?”

तात्यांनी उंबरा ओलांडला. आत बसून मुखवटा धुतला. अंगठा डाव्या गालावरनं गेला, सपाट चांदीवरनं, आणि परत आला.

दोन वर्षांनी ते गेले. हणमंता आता साठीला आलाय. कंपनी मला निवृत्त करून मोकळी झाली. सांगलीचा क्लास बंद पडला आणि मॅडम कुठंतरी मोठ्या शहरात चेहरे करतात म्हणे. त्या दिवसानंतर मी चेहरे बरेच केले, साताऱ्यात पोरांना शिकवलेही. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून पट्टी काढून घेतो.

दर चैत्रात जातो. धुण्याच्या वेळी हणमंता मुखवटा माझ्याकडं देतो आणि विचारतो, “बगा पाव्हणं, पडाय लागली का जागा?”

बाजूला देवळाच्या पायरीवरची माणसं उभी असतात. माझ्या तोंडून काहीतरी ऐकायला टपलेली. मी मुखवटा डाव्या वाकणात घेतो, उजवा अंगठा नाकापासून कानाकडं फिरवतो, नीट, दोनदा. आणि सांगतो,

“अजून नाही.”